फेलिंगची नावनिशी

इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात टाईन नदी समुद्राला मिळण्यापूर्वी जे शेवटचे मोठे शहर लागते ते न्यूकॅसल. नदीच्या उत्तर काठावर न्यूकॅसल, दक्षिण काठावर गेट्सहेड, आणि गेट्सहेडच्या पूर्वेस दीडएक मैलावर फेलिंग. १९७४ पासून हे गाव गेट्सहेडच्या हद्दीत सामावले गेले असल्याने ते कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे नवख्या माणसास उमगत नाही. विटांच्या घरांच्या ओळी, उतारावरचे रस्ते, मेट्रोची दोन स्थानके, एक फेलिंगचे आणि पुढचे हेवर्थचे. प्रेक्षणीय म्हणावे असे येथे काही नाही, आणि प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांनी या गावाची वाट धरली नाही याचे आम्हास नवल वाटत नाही.

आम्ही तेथे गेलो ते २०१८ सालच्या उन्हाळ्यात. कन्या व जावई नोकरीनिमित्त गेट्सहेडला स्थायिक झालेले. दोन महिने त्यांच्याकडे मुक्काम होता. दिवसभर घर रिकामे असे. निवृत्त माणसास परक्या मुलुखात दोनच गोष्टी परवडतात, पायी हिंडणे आणि ग्रंथालयात बसणे. त्या दोन्ही आम्ही यथेच्छ केल्या. हिंडता हिंडता एके दिवशी हेवर्थच्या सेंट मेरी चर्चच्या आवारात शिरलो आणि एका दगडी स्तंभापुढे उभे राहिलो. त्यानंतरचे बहुतेक दिवस ग्रंथालयात गेले.

तो स्तंभ कशाचा हे सांगण्यापूर्वी 'पॅरिश' या शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या पाद्र्याकडे सोपविलेली हद्द. आपल्याकडे गावाची हद्द महसुलाने ठरली. तेथे ती पुष्कळ अंशी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांनी ठरली. १५३८ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात हुकूम निघाला की प्रत्येक पॅरिशने या तिन्हींची नोंदवही ठेवावी. त्यामुळे इंग्लंडात अगदी सामान्य शेतमजुराचे नावसुद्धा निदान तीन वेळा कागदावर येण्याची सोय झाली. आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तरात जमीन सापडते, वतन सापडते, तंटे सापडतात. पण जमीन नसलेला माणूस सापडणे कठीण. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे मिळतात, परंतु यात्रेस जाण्याची ऐपत ज्यांना होती त्यांचीच. ही तुलना आम्ही कोणास कमी लेखण्यासाठी करीत नाही. नोंद ठेवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण असते यावर पुढे कोण उरते हे अवलंबून असते, एवढेच दाखवावयाचे आहे.

हेवर्थ हे त्या काळी जॅरो या मोठ्या पॅरिशचे अंग होते. जॅरो म्हटले की इंग्रजी इतिहासाच्या अभ्यासकास बीडची आठवण होणार. आठव्या शतकातील हा साधू जॅरोच्या मठात राहिला आणि तेथेच त्याने ७३१ च्या सुमारास आपला इंग्रज लोकांचा धर्मेतिहास पुरा केला. अशा ठिकाणी १८०८ साली जॉन हॉजसन नावाचा तरुण पाद्री नेमला गेला. वेस्टमरलँडच्या डोंगराळ भागातील एका पाथरवटाचा हा मुलगा, काही काळ शाळामास्तर, जुन्या कागदपत्रांचा नाद असलेला. पुढे त्याने नॉर्दम्बरलँड परगण्याचा प्रचंड इतिहास लिहावयास घेतला; वर्षानुवर्षे खपून, पदरमोड करून अनेक खंड छापले आणि तरीही तो ग्रंथ अपुराच राहिला. आपल्याकडे राजवाड्यांनी दप्तरे धुंडाळली ती ज्या वेडाने, त्याच जातीचे हे वेड. मात्र आमच्या मते हॉजसनचे सर्वांत मोठे काम त्या खंडांत नसून १८१३ साली छापलेल्या एका लहानशा पुस्तकात आहे.

फेलिंगची कोळशाची खाण १७७९ पासून चालू होती. योगायोग असा की हॉजसनचा जन्मही त्याच सालचा. ब्रँडलिंग हे तेथले वजनदार घराणे, त्यांच्या नावावरून खाणीस ब्रँडलिंग मेन असेही म्हणत. वरचा थर संपत आला तेव्हा १८१० मध्ये त्याच्या खालच्या थरात काम सुरू झाले. जमिनीत उतरण्यास दोन उभ्या विहिरी होत्या. एकीचे नाव जॉन, दुसरीचे विल्यम. जॉन विहीर सुमारे सहाशे फूट खोल. एकीतून हवा आत जाई, सर्व बोगद्यांतून फिरून दुसरीतून बाहेर पडे. हवेला वाट चुकू नये म्हणून बोगद्यांत जागोजागी दारे बसविलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडावयाचे, गेली की लावून घ्यावयाचे. हे काम लहान मुलांचे. काळोखात एकटे बसून दोरी ओढणे याला बळ लागत नाही, म्हणून ते मुलांना दिले जाई आणि त्याची मजुरीही तशीच असे. सबंध खाणीचा श्वास मात्र त्या दोरीवर अवलंबून असे. आपल्या मुलांना आठव्या वर्षी आपण अंधाऱ्या माडीवर एकटे पाठवीत नाही.

ही खाण बदनाम नव्हती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. हॉजसनने स्वतःच लिहून ठेवले आहे की हवा खेळती राहण्याच्या बाबतीत कामगार तिला नमुनेदार समजत.

२५ मे १८१२, सोमवार. पहाटेच्या पाळीची माणसे काम करीत होती आणि अकराच्या सुमारास दुसरी पाळी त्यांना मोकळे करण्यास खाली उतरली होती. माणसे आपापल्या कामाच्या जागीच एकमेकांस भेटून अदलाबदल करीत, त्यामुळे त्या वेळी दोन्ही पाळ्यांची माणसे आत होती. साडेअकरा वाजता स्फोट झाला. कोळशाच्या थरातून सुटणारा ज्वालाग्राही वायू, ज्याला तिकडचे कामगार फायरडॅम्प म्हणत, तो पेटला होता. अर्ध्या मैलापर्यंत जमीन हादरली, तीन-चार मैलांवर आवाज पोहोचला. विहिरींवरचे लाकडी सांगाडे उडाले. कोळशाच्या भुकटीचा ढग वाऱ्याबरोबर हेवर्थ गावावर आला आणि भर दुपारी तेथे तिन्हीसांजेसारखा अंधार पडला. रस्त्यावर भुकटीचा एवढा थर साचला की चालणाऱ्यांची पावले त्यात स्पष्ट उमटली. हॉजसन त्या वेळी याच गावचा पाद्री होता. पावलांचा हा तपशील ऐकीव म्हणून कोणी लिहीत नाही.

वाफेचे यंत्र निकामी झाले होते. जवळच घोड्यांनी फिरवावयाचा रहाट होता; घोडे आणण्यास वेळ नव्हता म्हणून माणसांनीच त्याला खांदे लावले. अर्ध्या तासात बत्तीस जण जिवंत वर आले, दोन मृतदेह आले. बत्तिसांपैकी तीन मुले काही तासांतच गेली. आत एकूण एकशे एकवीस माणसे होती. उरली सत्त्याऐंशी.

दुपारी सव्वाबाराला नऊ माणसे त्यांच्या शोधात खाली उतरली. मेणबत्ती नेणे शक्यच नव्हते. त्या काळी धोक्याच्या जागी एक हातयंत्र वापरीत, पोलादाचे दातेरी चाक फिरवून त्यावर गारगोटी धरावयाची आणि ठिणग्यांच्या उजेडात जेवढे दिसेल तेवढे पाहावयाचे. अशा उजेडात ते किती पुढे जाणार! स्फोटानंतर मागे उरणारा गुदमरविणारा वायू बोगद्यांत भरलेला होता. त्यांतील काही जण अजून खाली असतानाच दुसरा स्फोट झाला. दैव बलवत्तर म्हणून ते वाचले. पुढच्या दिवसांत आणखी प्रयत्न झाले, ते फसले, आणि आत कोळशाला आग लागली आहे अशी खात्री पटल्यावर विहिरींची तोंडे बुजवून टाकावयाचे ठरले. आग विझविण्याचा दुसरा उपाय नव्हता, परंतु आतल्या माणसांची हवाही त्याबरोबर तोडली जाणार होती. विहिरीच्या तोंडाशी जमलेल्या बायकांनी आणि आप्तांनी याला सरळ खून म्हटले. हॉजसन दोन्ही बाजू लिहितो. आत कोणी जिवंत असणे शक्य नव्हते असे त्याचे मत, पण बायकांच्या त्या शब्दावर त्याने पांघरूण घातलेले नाही.

विहीर उघडली ती ८ जुलैला, सहा आठवड्यांनी. तेथपासून १९ सप्टेंबरपर्यंत देह वर आणण्याचे काम चालले. उन्हाळ्याचे दिवस, काय स्थितीत ते वर आले असतील याची कल्पना वाचकांनीच करावी. आयांना मुलांचे चेहरे ओळखता येईनात. जोडे, कपडे, तंबाखूची डबी अशा वस्तूंवरून ओळख पटविण्यात आली. वस्तूंवरून माणूस ओळखावा लागणे यात जी विटंबना आहे ती आहेच. परंतु एका गरीब घरातील स्त्रीला आपल्या माणसाच्या जोड्याचे ठिगळ नेमके कोणते हे ठाऊक असते, हेही त्यातून कळते. शेवटचा एक देह सापडलाच नाही. हेवर्थच्या आवारात एक लांब चर खणून त्यात शवपेट्या दोन थरांत ठेवण्यात आल्या आणि दर चार पेट्यांनंतर विटा-चुन्याची आडभिंत घालण्यात आली. मृतांचा आकडा ब्याण्णव झाला.

येथवरची कथा करुण असली तरी अपूर्व नव्हे. टाईनकाठी असे स्फोट पूर्वीही झाले होते आणि माणसे पूर्वीही मेली होती. पण त्यांचा बोभाटा करू नये असा एक अलिखित शिष्टाचार तेथे रूढ होता. १७६७ साली न्यूकॅसलच्या एका वर्तमानपत्राने तर वाचकांस उघडच कळविले होते की अशा घटनांची विशेष दखल घेऊ नये अशी आपणास विनंती झालेली आहे, आणि त्यातून भले असे काही निष्पन्न होण्यासारखे नसल्याने आपण तो विषय सोडून देत आहोत. विनंती कोणाची हे सांगण्याची गरज त्या संपादकास वाटली नाही. वाचकांसही वाटली नसावी. खाणीत मेलेल्यांबद्दल कॉरोनरची चौकशी भरविण्याची चाल त्या परगण्यांत १८१४-१५ पर्यंत नव्हती. दफनाच्या नोंदवहीत नाव येई आणि तेथेच तो माणूस संपे.

हॉजसनने हा शिष्टाचार मोडला. दफनाच्या वेळचे प्रवचन तो छापणार होता, तसे पुष्कळ पाद्री छापीत. त्याने प्रवचनाला घटनेचा तपशीलवार वृत्तांत जोडला. खाणीची रचना, हवेची वाट, त्या दिवसाचा क्रम, खाली उतरलेल्यांचे प्रयत्न, आणि मृतांची यादी. नाव, काम, वय. कोळसा फोडणारे, गाड्या ढकलणारे, दारे राखणारे. शिवाय खाणीचा नकाशा, आणि कोणता देह कोठे सापडला हे त्यावर आकड्यांनी दाखविलेले. त्या नकाशापुढे आम्ही ग्रंथालयात बराच वेळ बसलो होतो. आकडे कोठे एकटे पडलेले, कोठे दाटीने एकत्र. दाटीचे आकडे पाहिले की शेवटच्या क्षणी माणसे एकमेकांच्या जवळ आली असतील असे मनात येते. नकाशा काढणाऱ्याने असे काही म्हटलेले नाही, हे आमचे वाचन.

या पुस्तकात मालकांवर एक कठोर शब्द नाही. आमच्या एका मित्रास हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे पाद्री भित्राच म्हणावयाचा." आम्हास तसे वाटत नाही. ज्यांच्या शेजारी जन्म काढावयाचा, ज्यांच्या देणगीवर चर्चचे छप्पर शाकारावयाचे, त्यांच्याच खाणीतील ब्याण्णव मृतांची नावनिशीवार यादी छापून बाजारात आणणे यास धैर्य लागते. आरोप असता तर तो खोडून काढता आला असता. यादीला कोण काय उत्तर देणार? लंडनच्या एका विज्ञानविषयक मासिकाने त्याच वर्षी हा वृत्तांत पुन्हा छापला, आणि दूरच्या शहरांतील विद्वानांस टाईनकाठच्या या जगाची प्रथमच नीट ओळख झाली.

त्यानंतर गोष्टी भराभर घडल्या. ऑक्टोबर १८१३ मध्ये संडरलंड येथे खाणींतील अपघात टाळण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी ख्रिसमसच्या आदल्या दिवशी फेलिंगलाच पुन्हा स्फोट होऊन आणखी वीसेक माणसे गेली, तेव्हा मंडळाची निकड कोणास पटवून द्यावी लागली नाही. मंडळाच्या वतीने सर हम्फ्री डेव्ही यांस पत्र गेले, ऑगस्ट १८१५ मध्ये ते उत्तरेस आले, हॉजसनला भेटले. हॉजसनने हेबर्नच्या खाणीतील वायू बाटल्यांत भरून त्यांच्याकडे लंडनला पाठविला. वर्ष संपण्याच्या आत दिवा तयार झाला. तत्त्व साधे आहे. ज्योतीभोवती तारेची अतिशय बारीक जाळी बसविली की जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत पेटलेला वायू बाहेरच्या वायूस पेटवू शकत नाही. शिवाय ज्योतीवर निळसर शिखा चढली की वायू आहे हे कळते.

९ जानेवारी १८१६ रोजी हा दिवा हेबर्नच्या खाणीत प्रथम उतरविण्यात आला. तो हातात घेऊन जाणाऱ्यांत स्वतः हॉजसन होता. त्या प्रसंगाची एक हकीकत त्याच्या चरित्रात आली आहे. आत एक कामगार एकटाच काम करीत होता. त्यास पूर्वसूचना दिलेली नव्हती. वायूने भरलेल्या त्या जागी उघड्या ज्योतीसारखे काही जवळ येताना पाहून तो आधी हळू आवाजात, मग ओरडून, मग रडून विनवू लागला की दिवा विझवा. येणारा काही बोलेना. जवळ आल्यावर पाद्री दिसला, जाळी दिसली, आणि स्फोट होत नाही हेही दिसले. चरित्रकाराने हा प्रसंग भक्तिभावाने रंगविला आहे. आम्हास मात्र तो वाचताना हॉजसनचा राग आला. ज्या माणसाने ब्याण्णव जणांची वये जुळवून लिहिली, त्यास त्या एकट्या कामगारास आधी हाक मारून सांगावेसे का वाटले नाही? थोर माणसांच्या चरित्रांत असे प्रसंग वगळून वाचण्याची आपल्याला सवय असते. ते वगळू नयेत.

दिव्याच्या जनकत्वावरून पुढे मोठा वाद माजला. त्याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीतील जॉर्ज स्टीफनसन यानेही स्वतंत्रपणे दिवा तयार केला होता. तोच पुढे आगगाडीमुळे जगास माहीत झाला. डेव्हींस खाणमालकांनी सुमारे अडीच हजार पौंडांची चांदीची भांडी अर्पण केली, तर ब्रँडलिंग घराण्याने स्टीफनसनची बाजू उचलून धरली आणि त्याच्यासाठी हजार पौंडांचा निधी उभा राहिला. डेव्हींनी दिव्याचे पेटंट घेतले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण या सगळ्या मानपानात एक गोष्ट झाकली गेली. दिवा हाती आल्यावर पूर्वी धोक्याचे म्हणून सोडून दिलेले थर मालकांनी उघडले, अधिक खोल गेले, आणि स्फोट थांबले नाहीत. १८३९ साली साऊथ शील्ड्सच्या सेंट हिल्डा खाणीत स्फोट होऊन पन्नासांवर माणसे मेली, तेव्हा तेथल्या नागरिकांनी समिती नेमून हेच सांगितले की केवळ दिव्यावर विसंबून चालणार नाही, हवा खेळती पाहिजे. जमिनीखालील कामावर दहा वर्षांखालच्या मुलांस आणि सर्व स्त्रियांस बंदी करणारा कायदा झाला तो १८४२ साली. फेलिंगच्या यादीत सर्वांत लहान मुलाचे वय आठ आहे. कायद्यास तीस वर्षे लागली.

नदीच्या उत्तरेस न्यू हार्टली येथे तर स्फोटाचाही संबंध आला नाही. १६ जानेवारी १८६२ रोजी पाणी उपसणाऱ्या यंत्राची प्रचंड लोखंडी तुळई मोडून खाणीच्या विहिरीत कोसळली आणि वाट बुजली. खाणीस विहीर एकच होती. दोनशे चार माणसे आणि मुले मेली. एका मृताच्या वहीत आत झालेल्या प्रार्थनेची टिपणे सापडली. त्याच वर्षी कायदा झाला की प्रत्येक खाणीस बाहेर पडण्याच्या दोन वाटा हव्यात. पुढे हा नियम जेथे जेथे इंग्रजी पद्धतीच्या खाणी गेल्या तेथे तेथे गेला. आपल्या देशातील खाणकायद्यातही तो आहे. अर्सडन गावच्या चर्चच्या आवारात त्या दोनशे चारांचा स्तंभ आहे. नावे आणि वये, अगदी हेवर्थसारखीच.

हेवर्थचा स्तंभ नऊएक फूट उंचीचा, चौकोनी बैठकीवर निमुळता होत गेलेला. बैठकीच्या चारही बाजूंस पितळी पत्रे आणि त्यांवर नावे. आपल्याकडे गावोगाव वीरगळ आढळतात. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरांनी नेलेला वीर, वरच्या पट्टीत शिवपूजा. वीराचे शौर्य दगडात कोरलेले असते, बहुधा नाव तेवढे नसते. हेवर्थच्या पितळेवर उलटे आहे. शौर्याचा उल्लेख नाही, स्वर्ग कोरलेला नाही. नाव आणि वय, बस्स. आडनावे सलग दोनदा, तीनदा येतात तेव्हा वाचणाऱ्यास आपोआप घरे दिसू लागतात.

त्या पत्र्यांपुढे आम्ही एवढे का रेंगाळलो याचे कारण सांगितलेच पाहिजे, नाही तर हा लेख एका हौशी माणसाची माहिती-जंत्री ठरेल. आमचे वडील, ज्यांना आम्ही भावंडे नाना म्हणत असू, छिंदवाड्याकडील पेंच खोऱ्यातील एका खाणीत बत्तीघराचे बाबू होते. खाणी तेव्हा खासगी कंपन्यांच्या हाती होत्या. कामगाराने खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यावयाचा आणि त्याच क्रमांकाची डोक्याला लावावयाची बत्ती घ्यावयाची; पाळी संपली की बत्ती परत, बिल्ला परत. वायू तपासण्यासाठी सरदाराकडे जाळीचा दिवा असे, तोच डेव्हींच्या कुळातला. नाना तो रोज संध्याकाळी घासूनपुसून ठेवीत. आम्ही लहानपणी त्याच्या जाळीला बोट लावून पाहिलेले आहे.

१९६२ साली एका रात्रपाळीला छप्पर कोसळले. सकाळी बत्तीघरात चार बिल्ले खुंटीवर राहिले. नानांच्या रोजनिशीत त्या दिवशी चार आकडे आहेत आणि दुसरे काहीही नाही. एरवी ते भाजीचे भावसुद्धा लिहीत. त्या चौघांना ते नावाने ओळखत नसतील असे नाही. रोज दोनदा खिडकीशी गाठ पडे. मग नावे का लिहिली नाहीत? त्यांच्या हयातीत आम्ही हे विचारले नाही. आमच्या घरी त्या रात्रीविषयी कोणी बोलत नसे, आणि वडिलांस अशा गोष्टी विचारण्याची त्या काळी रीतही नव्हती. नाना गेल्यावर रोजनिशी हाती आली तेव्हा हे चार आकडे प्रथम दिसले.

हेवर्थहून परतल्यावर आम्ही शोधास लागलो. खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ साली झाले. जुन्या कंपनीची दप्तरे कोणाकडे गेली हे विचारीत एका कार्यालयास दोन पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. तिसऱ्या पत्राचे उत्तर आले की हस्तांतरापूर्वीचे असे अभिलेख उपलब्ध नाहीत. पत्र सभ्य होते, मोहोर होती, जावक क्रमांक होता. आमच्या पत्रावरचा क्रमांक त्यांनी अचूक उतरवला होता, एवढे मात्र खरे.

मग परासियाच्या फेऱ्या सुरू झाल्या. ज्या वस्तीत आम्ही वाढलो तेथली घरे बहुतेक पडली आहेत. जुन्या माणसांपैकी एक ऐंशी वर्षांचे गोंड गृहस्थ भेटले; त्यांना आम्ही दादा म्हणतो. त्यांचे थोरले बंधू त्या पाळीला होते आणि वाचले होते. दादांनी पहिल्या भेटीत काहीच सांगितले नाही. आमचे येणे कशासाठी, यात पैशाचा मामला आहे काय, हे त्यांनी दोनदा विचारले. दुसऱ्या भेटीत आम्ही रोजनिशीचे ते पान नेले. दादांना वाचता येत नव्हते. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरविले आणि म्हणाले, "बाबूजी, तुमच्या वडिलांनी आमच्या भावाची बत्ती त्या रात्री बदलून दिली होती. वात खराब होती म्हणून नाही, तार ढिली होती." मग त्यांनी एक नाव सांगितले. तिसऱ्या खेपेस दुसरे.

घरच्यांना विचारल्याखेरीज ती नावे येथे छापणे आम्हास योग्य वाटत नाही. एकाची नातवंडे जुन्नारदेवला आहेत, त्यांना आम्ही भेटलो. आजोबा खाणीत गेले एवढेच त्यांना ठाऊक होते, साल ठाऊक नव्हते. वय कोणासच सांगता येईना. त्यांच्या आजीच्या सांगण्यात एवढेच होते की त्या वर्षी थोरला मुलगा चालू लागला होता. त्यावरून आम्ही पंचवीस धरले आहे आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले आहे. दुसऱ्याची पत्नी मंडल्याकडे माहेरी परत गेली असे दादा म्हणतात. गावाचे नाव त्यांना आठवत नाही.

फेलिंगची खाण १९३१ साली बंद झाली. टाईन आणि वेअर नद्यांच्या त्या सबंध मुलुखात आता एकही खोल खाण चालू नाही. हॉजसन १८२३ मध्येच हेवर्थ सोडून नॉर्दम्बरलँडमधील दुसऱ्या पॅरिशला गेला आणि १८४५ मध्ये वारला. जाण्यापूर्वी त्याने हेवर्थचे चर्च नव्याने बांधून घेतले होते, तेच आज उभे आहे.

बिल्ला क्रमांक २१२ आणि ३४७ कोणाचे, हे अद्याप कळलेले नाही. येत्या माघात पुन्हा परासियास जावयाचे आहे.